घोरल्यासारखा आवाज येत होता, म्हणजे श्वास चालू होता ना?

प्रश्न: माझे सासरे जेवून उठताना एकदम कोसळले. घोरल्यासारखा आवाज येत होता म्हणून वाटलं श्वास चालू आहे, तोंडावर पाणी मारलं, आवाज थांबल्यावर घाबरून अँब्युलन्सला फोन केला. ते गेले. मैत्रिणीच्या ऑफिसात मात्र असाच एकजण पडला आणि नंतर बरा होऊन घरी गेला. आमचं काय चुकलं?

उत्तर: ताई, त्या आवाजाने भलेभले फसतात. हृदय बंद पडलं तरी पहिली काही मिनिटं असे आचके येऊ शकतात, पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो ना तसे, पण तो श्वास नसतो. हाक मारून, हलवून माणूस उठत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की अँब्युलन्सला फोन लावून तो स्पीकरवर टाकायचा आणि लगेच छाती दाबायला घ्यायची, नाडी शोधत बसायचं नाही.

ऑफिसातल्या माणसाला काय काय मिळालं असेल बघा. पडताना कुणीतरी पाहिलं, लगेच सीपीआर (म्हणजे हेच छाती दाबणं), जवळ एईडी (हृदयाला शॉक देणारं) मशीन, आणि मुख्य म्हणजे हृदयाचा रिदम, म्हणजे ठोक्यांची लय. हृदय नुसतं थरथरत असेल तर शॉक लागू पडतो, मॉनिटरवरची रेष सपाट झाली की नाही (पिक्चरमध्ये सपाट रेषेला शॉक देतात ते सगळं खोटं). आणि ही थरथर वेळ जाईल तशी स्वतःच सपाट होत जाते, सीपीआर नसेल तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घसरते. ३ ते ५ मिनिटांत शॉक मिळाला तर निम्मे किंवा जास्तही वाचू शकतात, पण हॉस्पिटलबाहेरच्या सगळ्या केसेस धरल्या तर बहुतेक ठिकाणी दहातला एकसुद्धा जेमतेम. वय, कारण हेही असतंच. त्यामुळे सगळं बरोबर केलं असतं तरी सासरे वाचलेच असते असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढच्यासाठी: माणूस गादीवर नको, जमिनीवर घ्या. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, दोन मिनिटांनी दाबणारा बदला कारण हात भरून येतात आणि दाब उथळ होतो हे स्वतःला कळतच नाही. बरगडी कडकन वाजली तरी थांबू नका. लहान मूल किंवा बुडालेला माणूस असेल तर तोंडाने श्वासही द्यावा लागतो.

आणि मैत्रिणीला विचारा त्यांचं एईडी ठेवलंय कुठं. मी एका ठिकाणी पाहिलं, मशीन कुलपात आणि किल्लीवाला रजेवर.