आकडा कुठे मोजला, ते आधी विचार

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. घड निसवलेली केळीची बाग उन्हाच्या झळांनी करपली आणि घड सटकले, हे वाचून जीव कळवळला. शेवरीचं कुंपण होतं, पाण्याची पाळी चुकली नव्हती, तरी हे झालं. आजोबांना माझा नमस्कार सांग.

गावात हवामान बदलावर बोलायचं ठरवलंस, ते चांगलं केलंस. कुठलं वाचून बोलू, असं विचारलंस, ते त्याहून चांगलं. संकेतस्थळांची यादी मागितलीस, ती थोडी पुढे देतो. आधी तू पाठवलेल्या मेसेजबद्दल बोलू : 'जळगाव ५२ अंश, सावध राहा'. तो तुला मावशीकडून आला, मावशीला आणखी कुणाकडून. असा आकडा हातात आला की एकच विचारायचं. हा कुठे मोजला, कशाने मोजला? गाडीतल्या काट्याने, उन्हात ठेवलेल्या मोबाइलने की वेधशाळेत? वेधशाळेतला तापमापक उन्हात नसतो. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर सावलीत असतो. म्हणून तुझ्या बांधावरचं ऊन आणि हवामान खात्याचं तापमान जुळत नाही. दोघांपैकी कुणी खोटं नसतं. फक्त तुलना करायची तर सारख्या पद्धतीने मोजलेल्यांचीच करायची.

यंत्रही चुकतं. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. देशाचा उच्चांक होता राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६चा ५१ अंश. हवामान खात्याने मुंगेशपूरचं यंत्र तपासलं, तेव्हा ते सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं आणि खात्याने ते जाहीर केलं. ५२.९चा मेसेज मात्र अजून फिरतो. चूक कुणाकडूनही होते. ती तपासून लोकांसमोर मान्य करणाऱ्याकडे माहितीसाठी पुन्हा जावं. मेसेज पुढे ढकलणारा कधीच परत येऊन चूक झाली म्हणत नाही.

हे मी स्वतः भोगलंय, म्हणून कळकळीने लिहितो. २००७ साली आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, चौथ्या अहवालातल्या एका प्रकरणात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असं छापलं गेलं. मी ते वर्गात दोन वर्षं शिकवलं. एवढ्या मोठ्या संस्थेचं नाव, म्हणून त्या वाक्याखालचा संदर्भ मी उघडला नाही. उघडला असता, तर दिसलं असतं की आधार एका पर्यावरण संस्थेच्या अहवालाचा आहे आणि त्याच्यामागे १९९९ सालची एका विज्ञान साप्ताहिकातली बातमी आहे. मोजमाप कुठेच नव्हतं. जानेवारी २०१०मध्ये आयपीसीसीने ते विधान नीट तपासलेलं नव्हतं, असं जाहीर मान्य केलं. हिमनद्या वितळताहेत हे खरंच आहे, २०३५ हे वर्ष तेवढं निराधार होतं. तोवर माझी ती मुलं पास होऊन गेली होती. त्यांतली काही आज स्वतः शिक्षक आहेत. ही रुखरुख गेलेली नाही.

तरी आयपीसीसी सोडू नकोस. १९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी ती स्थापन केली. ती स्वतः प्रयोग करत नाही, जगभरचं प्रसिद्ध झालेलं संशोधन तपासून एकत्र मांडते. हजारो पानं वाचू नकोस. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश वाच आणि सोप्या भाषेतली प्रश्नोत्तरं वाच. त्यातल्या शब्दांना मात्र वजन आहे. आपण 'बहुधा पाऊस येईल' म्हणतो, तसं त्यांचं 'बहुधा' नसतं. त्याचा अर्थ किमान ६६ टक्के शक्यता, आणि 'फार बहुधा' म्हणजे किमान ९० टक्के. बातमीत हे शब्द गळून पडतात आणि शक्यतेचं भाकीत होऊन जातं.

आता तुझी शंका. एका ठिकाणी २०२४ साल ०.६५ अंशाने जास्त तापलं असं आहे, दुसरीकडे १.५५ अंशाने, मग खोटं कोण? बेटा, कुणीच नाही. पहिला आकडा भारतीय हवामान खात्याचा, फक्त भारताचा, आणि तुलना १९९१ ते २०२०च्या सरासरीशी. दुसरा जागतिक हवामान संघटनेचा, साऱ्या पृथ्वीचा, आणि तुलना १८५० ते १९००च्या काळाशी. 'किती वाढलं' याच्या शेजारी 'कशापेक्षा' आणि 'कुठलं' हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा वहीत उतरवू नकोस. गावात बोलताना यावरच जास्त वेळ घे, कारण लोक इथेच फसतात.

भारतासाठी सुरुवात केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या हवामान बदलावरच्या २०२०च्या अहवालापासून कर. तो फुकट उतरवून घेता येतो. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, १९५१ ते २०१५मध्ये पावसाळ्याचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, हे तिथे पुराव्यासह आहे. रोजच्या नोंदींसाठी हवामान खातं, आणि आपल्या महसूल मंडळातल्या पावसासाठी राज्याच्या कृषी विभागाचं महारेन हे संकेतस्थळ. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडसाठी हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेची नोंद बघ. तिथे १९५८पासून मोजताहेत. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता, आता ४२०च्या वर गेलाय. ती वर चढत जाणारी रेघ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

बातमी वाचलीस, तर ती ज्या शोधनिबंधावर आहे, तिथवर जा. निदान त्याचा गोषवारा वाच. एआयला विचारलंस तरी चालेल, पण त्याने सांगितलेला संदर्भ स्वतः उघडून बघ. कधी कधी नाव भारदस्त असतं आणि तसा निबंधच नसतो. कुणी खत, औषध किंवा यंत्र विकता विकता हवामान बदल समजावत असेल, तर ते बाजूला ठेव.

आपली बाग हवामान बदलामुळेच गेली, असं मात्र गावात म्हणू नकोस. एका उन्हाळ्यावरून ते ठरत नाही. जग तापल्याने अशा झळांची शक्यता वाढलीये, एवढं ठामपणे म्हण, कारण त्याला भक्कम पुरावा आहे. कुणी विचारलं की मागेही उन्हाळे कडक होते, तर मान्य कर. होतेच. मग तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या शेजारी शेजारी ठेव आणि त्याच माणसाला वाचायला लाव.

आणखी एक. आजोबा दिनदर्शिकेच्या चौकटीत पाऊस किती झाला, ते लिहितात. मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमाराची केळीची लागवड, कधी लावली, पाणी कधी कमी पडलं, तेही. ती पानं फेकू देऊ नकोस. त्यांनी अंदाजाने लिहिलं की पर्जन्यमापक ठेवला होता, एवढं विचारून घे, आणि दर पानावर तसं नोंदव. मग मंडळाच्या नोंदीशी ताडून बघू. पुढच्या रविवारी येशील तेव्हा पिशवीत घालून आण. भिंगाचा चष्मा काढून ठेवतो.

तुझे,
सर