अ‍ॅप निवडताना लोक प्रायव्हसीचा खरंच विचार करतात का?

करतात, पण सोय आडवी आली की मागे पडतो. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नव्या प्रायव्हसी धोरणाची सूचना पाठवली तेव्हा सिग्नल आणि टेलिग्रामवर झुंबड उडाली. ठाण्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतही काहींनी सिग्नल घेतलं. पण पाण्याचा टँकर कधी येणार, मेंटेनन्स किती, हे सगळं जुन्याच ग्रुपवर येत राहिलं. मग कोण कशाला हलतंय!

झटपट कर्जाच्या अ‍ॅपबाबत मात्र हात जोडून सांगते, एवढं सैल राहू नका. कॉन्टॅक्ट्स किंवा गॅलरी मागितली तर तिथूनच मागे फिरा. हप्ता थकला की त्याच यादीतल्या मामा-मावशींना, ऑफिसातल्या साहेबांना फोन जातात. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत 2022 पासून कर्जाच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो-फाइल्स बघायला मनाई आहे. कॅमेरा, लोकेशनसुद्धा केवायसीपुरतं, एकदाच आणि तुमच्या संमतीने. असं अ‍ॅप आधीच घेतलं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन परवानग्या आजच काढा. फसवणुकीत पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.