पऱ्हाटीचा कोळसा आणि डांबरी रस्ता

प्रश्न : आमच्या गावचा डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांतच उखडतो. डांबरात बायोचार मिसळल्यास रस्ता अधिक टिकतो, असे वाचले. दरवर्षी बांधावर जाळली जाणारी पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) त्यासाठी उपयोगी पडेल का? चुलीतला कोळसा चालेल का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : चुलीतला कोळसा चालणार नाही, कारण त्यात राख बरीच असते आणि तो सर्वत्र सारखा जळलेला नसतो. बायोचार म्हणजे काडीकचरा बंद भट्टीत, हवा जवळपास न लागू देता, साधारण ४०० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजून केलेला कोळसा. तो कोरडा करून पिठासारखा बारीक दळावा लागतो, कारण त्याच्या असंख्य छिद्रांत ओल राहिली, तर तापलेल्या डांबरात फेस येतो.

आपण ज्याला डांबर म्हणतो, ते म्हणजे बिटुमेन. प्लँटमध्ये खडीत मिसळताना ते दीडशे अंशांच्या वर तापलेले असते. त्या उष्णतेने आणि पुढे वर्षानुवर्षे उन्हाने व हवेतील ऑक्सिजनने त्यातील हलके तेलकट घटक कमी होतात, ते कडक होते आणि रस्त्याला बारीक तडे जातात. बायोचारची छिद्रे यातील काही घटक धरून ठेवतात, त्यामुळे धूरही कमी होतो; अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात इल्हाम फिनी यांचे संशोधन याच दिशेचे आहे. शिवाय कोळशाच्या खरखरीत कणांमुळे डांबर घट्ट होते आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात, जेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांवर जातो, तेव्हा ट्रकच्या चाकांखाली चाकोऱ्या पडणे कमी होते. मात्र प्रमाण वाढले की हाच गुण उलटतो, डांबर ठिसूळ होते. म्हणून प्रयोगांत ते बहुधा डांबराच्या वजनाच्या पाच-दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. टाकीत कण तळाशी बसू नयेत म्हणून ढवळणेही जोरकस लागते.

आता पऱ्हाटीचा हिशेब पाहू. सात मीटर रुंद, चार सेंटिमीटर जाडीचा एक किलोमीटर थर धरला, तर मिश्रण सुमारे ६७० टन आणि त्यात डांबर ३४ टनांच्या आसपास भरते. त्यात पाच टक्के बायोचार म्हणजे जेमतेम पावणेदोन टन, ज्यासाठी साधारण पाच टन पऱ्हाटी लागेल. एवढी पऱ्हाटी दोन-तीन हेक्टरांतच निघते, तेव्हा गावभरची पऱ्हाटी रस्त्यात खपेल, ही आशा नको. नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर २०२४ च्या डिसेंबरमध्ये खुला झालेला जैव-बिटुमेनचा पट्टा हा वेगळा प्रयोग आहे. त्यात बायोचार नसून लिग्निन, म्हणजे वनस्पतींना ताठपणा देणारा घटक, वापरले आहे.

तुमचा रस्ता पावसाळ्यातच उखडतो, यावरून मात्र दोष डांबरापेक्षा पाण्याचा वाटतो. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असेल, गटार बुजलेले असेल किंवा मोरी तुंबलेली असेल, तर पाणी थराखाली मुरते, खडी डांबर सोडते आणि बायोचारही ते थांबवू शकत नाही. पहिल्या मोठ्या सरीनंतर तासाभराने रस्त्यावर पाणी कुठे साचते, ते पाहून ठेवा आणि डांबरीकरणाआधी त्या जागा अभियंत्यांना दाखवा. पऱ्हाटीचा बायोचार केलाच, तर सध्या तो शेणखतात मुरवून शेतातच घालावा.