‘सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही’

सत्र सुरू होऊन पाच-सहा आठवडे झाले की हे वाक्य कॉलेजातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास येतं. पहिल्या वर्षाला खगोलशास्त्राचा पेपर घेतलेली मुलं-मुली समोर बसतात, थोडा वेळ हजेरी, झोप, बाकीचे विषय यांबद्दल बोलतात आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, दुर्बिणीत सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही. कुणी म्हणतं, माझी रीडिंग्ज पुस्तकाशी कधीच जुळत नाहीत. कुणी म्हणतं, गणित कच्चं आहे, पेपर सोडू का? तळाशी भीती एकच. या सगळ्यांना सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा एक अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं मोजक्या प्रसंगांत आणलं आहे.

ती आली तेव्हा पेपर सोडायचा अर्ज भरूनच आली होती.

“मला आकाश आवडतं म्हणून हा पेपर घेतला, मॅडम. आता वाटतं, लांबूनच आवडत होतं ते बरं होतं.”

“काय झालं?”

“देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा गॅलक्सी, दाखवत होते. माझा नंबर आला. काहीच दिसलं नाही. सरांनी विचारलं, दिसली का? मागे रांग होती. मी हो म्हणाले.”

“मग?”

“जर्नलमध्ये चित्र काढायचं होतं. मैत्रिणीचं बघून काढलं.”

अशा वेळी ‘अगं, होतं असं’ म्हणून धीर देण्याचा मोह होतो. मी तो टाळते. धीर घेऊन गेलेली मुलगी पुढच्या निरीक्षणाच्या रात्री तीच भीती घेऊन दुर्बिणीपाशी उभी राहते. माणूस स्वतःबद्दल निकाल सांगत येतो तेव्हा त्या निकालाशी वाद घालू नये, त्याच्याखालची नोंद मागावी, असं मी मानते. ‘मला दिसत नाही’ हा निकाल झाला. नोंद अजून तिने केलेलीच नव्हती.

“काहीच दिसलं नाही, म्हणजे काय दिसलं?”

ती गोंधळली. “काळोख.”

“पूर्ण काळोख? एकही तारा नाही?”

“तीन-चार तारे होते.”

“टोकदार होते की पसरट?”

“टोकदार.”

इथे थोडं थांबून सांगते, कारण ‘काहीच दिसलं नाही’ याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. एकही तारा नसेल तर झाकण निघालेलं नसतं, काचेवर दव बसलेलं असतं किंवा डोळा आयपीसच्या, म्हणजे ज्यातून पाहतो त्या भिंगाच्या, मध्यावर नसतो. डोळा फार जवळ किंवा तिरका नेला की काळी सावली सरकताना दिसते. तारे चकतीसारखे मोठे, मध्ये भोक असलेले दिसत असतील तर फोकस गेला आहे. तारे बारीक आणि टोकदार असतील तर दुर्बीण ठीक आहे, डोळाही ठीक आहे, फक्त नेम चुकला आहे.

“तुझ्या आधी किती जण होते?”

“सहा.”

“प्रत्येकाने किती वेळ घेतला असेल?”

“अर्धा-पाऊण मिनिट.”

“मध्ये कुणी दुर्बीण पुन्हा लावली?”

“नाही. ती मोटरवाली, आकाशाबरोबर आपोआप फिरणारी नाहीये.”

मी कागद पुढे केला. दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी, आयपीस २५ मिमीचा, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की वर्धन, म्हणजे वस्तू किती मोठी दिसते ते, ४८ पट. साध्या आयपीसचं दृश्यक्षेत्र, म्हणजे आत दिसणाऱ्या गोलाची रुंदी, सुमारे ५० अंशांचं असतं. त्याला ४८ ने भागलं की आकाशाचा एक अंशाहून किंचित मोठा तुकडा उरतो, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी मावतील एवढा. पृथ्वी फिरते म्हणून आकाशाच्या विषुववृत्तावरचा तारा मिनिटाला पाव अंश सरकतो. देवयानी उत्तरेला असल्यामुळे ती जरा सावकाश सरकते, तरी मधोमध आणलेला तिचा गाभा तीन मिनिटांच्या आत कडेबाहेर जातो. हिशेब तिनेच केला. सहा जणांची मिळून चार मिनिटं.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या आधीच्या एक-दोघांनाही दिसली नसेल?”

“ते काय म्हणाले?”

“हो म्हणाले.”

रांगेतला एक जण जरी ‘नाही दिसली’ म्हणाला असता तरी सरांनी वाकून पाहिलं असतं आणि दहा सेकंदांत ती पुन्हा मध्यावर आणली असती. त्या दिवशी मी तिला एकच काम दिलं. पुढच्या वेळी दिसलं नाही तर ‘नाही दिसलं, तीन तारे दिसले’ असं म्हणायचं. नुसतं ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. सोबत ‘काय दिसलं’ ते सांगता आलं की ते कबुलीजबाबासारखं वाटत नाही, रीडिंगसारखं वाटतं.

देवयानी तिला पुढच्या खेपेला दिसली आणि तिची निराशा झाली. राखाडी पुसट डाग. पोस्टरवर असते तशी निळी-गुलाबी सर्पिलाकार फित नाही. हेही आधीच माहीत असलेलं बरं. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. फोटोतले रंग कॅमेऱ्याने मिनिटं, तास प्रकाश साठवून मिळवलेले असतात. डोळा तसा साठवत नाही. अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा उजळला की ती बरीचशी वाया जातात. वहीवर मंद लाल उजेडच पाडावा. पुसट वस्तूकडे थेट रोखून पाहू नये, नजर किंचित बाजूला ठेवावी, कारण दृष्टिपटलाच्या अगदी मध्यात दंडपेशी नसतातच. चष्मा फक्त लांबच्या किंवा जवळच्या नंबरचा असेल तर काढला तरी चालतो, फोकसने भरून निघतं. सिलिंडर नंबर जास्त असेल तर ठेवावा. आणि पहिला आयपीस नेहमी कमी वर्धनाचा, २५ मिमीचा. दहाचा आधी लावला तर वर्धन १२० होतं, दृश्यक्षेत्र अर्ध्या अंशाच्याही आत येतं आणि वस्तू सापडण्याआधीच धीर सुटतो. फाइंडर, म्हणजे नेम धरायला वर बसवलेली छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी लांबच्या खांबावर जुळवून घ्यावा, सूर्य मात्र त्या दिशेला आसपाससुद्धा नको.

इथवर ती सावरली होती. खरी गाठ दीड महिन्याने सुटली.

प्रॅक्टिकल होतं गुरूच्या चार मोठ्या चंद्रांचं. रोज रात्री गुरूचं रेखाटन करायचं, प्रत्येक चंद्र ग्रहापासून किती व्यास लांब आणि कुठल्या बाजूला ते मोजायचं, आलेख काढून प्रदक्षिणाकाळ शोधायचा, मग केप्लरच्या तिसऱ्या नियमाने, म्हणजे चंद्राचं अंतर आणि प्रदक्षिणाकाळ यांच्या संबंधावरून, गुरूचं वस्तुमान काढायचं. युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो यांचं उत्तर एकमेकांशी छान जुळलं. चौथ्या, आयोवरून आलेलं वस्तुमान मात्र सुमारे ४० टक्क्यांनी कमी. त्याचा काळ तिला २.३ दिवस मिळत होता. पुस्तकात १.७७.

ती जर्नल घेऊन आली, उघडलं, पण माझ्याकडे सरकवलं नाही.

“मी चार पानांवर आयोचे ठिपके खोडले,” ती म्हणाली. “१.७७ यायला जिथे हवेत तिथे काढणार होते. मग काढवले नाहीत. मला मापंच घेता येत नाहीत, मॅडम.”

“खोडलेले ठिपके कुठे होते?”

“आता काय उपयोग?”

“कुठे होते ते बघू.”

पेन्सिल दाबून लिहायची तिची सवय कामी आली. पान दिव्यासमोर तिरकं धरलं तर चारही खळगे दिसत होते. तिने ते पेनने गोल करून घेतले. मग मी विचारलं, “रोज किती वाजता बघायचीस?”

“नऊला. एक दिवस चुकवला नाही. रोज बरोब्बर नऊला.” त्या शिस्तीचा तिला अभिमान होता आणि तो रास्त होता.

“पुस्तकातला आयो खरा धर. एका नऊपासून दुसऱ्या नऊपर्यंत तो किती फिरतो?”

तिने भागाकार केला. ३६० भागिले १.७७. “दोनशे तीन अंश.”

“आणि तू मधले चोवीस तास पाहिलेले नाहीस.”

ती गप्प झाली. पेनचं टोक कागदावर वर्तुळात फिरत राहिलं, आधी एका दिशेने, मग उलट. “दोनशे तीन पुढे गेला काय आणि...” ती थांबली. “एकशे सत्तावन मागे गेला काय. मला तो त्याच जागी दिसणार.” तिने ३६० ला १५७ ने भागलं. उत्तर २.२९ आलं.

ती रडली, हसली, असं काही झालं नाही. तिने जर्नल माझ्याकडे सरकवलं. मला वाटतं, त्या खोलीत मी पाहिलेल्या चांगल्या क्षणांपैकी तो एक.

तिचे ठिपके बरोबरच होते. चाकाचे आरे चित्रपटात कधी कधी उलटे फिरताना दिसतात, तेच इथे झालं होतं. ज्याची फेरी दोन दिवसांच्या आत पुरी होते त्याला दिवसातून एकदाच पाहिलं तर १.७७ आणि २.३ या दोन्ही वक्रांवर तेच ठिपके बसतात, दोन्हींवर सारखेच चांगले. युरोपाची फेरी साडेतीन दिवसांची, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. उपाय साधा आहे. निदान दोन-तीन रात्री तीन-चार तासांच्या अंतराने दोनदा पाहायचं. आयो तीन तासांत पंचवीस अंश फिरतो, आणि तो ग्रहासमोरून किंवा मागून जाण्याच्या सुमारास असेल तर फरक डोळ्याला कळतो. अगदी लांबच्या टोकाला असेल तेव्हा नाही, तिथे तो थबकल्यासारखा वाटतो. ठिपके खोडून १.७७ आणला असता तर यातलं काहीच तिला कळलं नसतं. मला हे त्या दिवशी लख्ख दिसलं की ही मुलं चूक होण्याला घाबरत नाहीत, आपलं रीडिंग आणि आपण एकच आहोत अशा समजुतीने ती घाबरतात. रीडिंग बाजूला, टेबलावर ठेवता आलं की त्याच्याकडे बघता येतं.

याच ठिकाणी मी त्यांना दोन गोष्टी सांगते. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला गुरूजवळ तीनच ठिपके काढले आणि ते साधे तारे समजला. ९ तारखेला ढग होते, तेही नोंदीत आहे. चौथा ठिपका १३ तारखेला आला. आधीची चित्रं त्याने ‘सुधारली’ असती तर ते ठिपके गुरूभोवती फिरतात हे कशावरून ठरलं असतं? दुसरी गोष्ट खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलची. १९२९ मध्ये त्याने काढलेला विश्वप्रसरणाचा दर मेगापार्सेकमागे (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर होता. आज तो ७० च्या आसपास मानतात. अंतरं चुकली होती. ज्यांचं तेज कमी-जास्त होतं अशा रूपविकारी ताऱ्यांवरून ती काढली होती, त्यांचे दोन प्रकार एकच धरले गेले होते आणि ते वॉल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं. आकडा सातपट चुकूनही दीर्घिका जितकी दूर तितकी वेगाने लांब जाते हा संबंध टिकला, कारण मोजमापं आणि रीत दोन्ही उघडी मांडलेली होती.

गणिताची भीती म्हणून जे येतं ते बहुतेकदा एककांचं असतं. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, कोन आर्कसेकंदांत (अंशाच्या ३६०० व्या भागांत) आहे तर रेडियन करायला सूत्रात २,०६,२६५ ने भागलं का, किलोमीटर आणि मीटर मिसळले का, एवढं तपासलं की निम्मी उत्तरं जागेवर येतात. तारकांची प्रत, म्हणजे त्यांचं तेज सांगणारा आकडा, उलटी चालते, आकडा लहान तर तारा तेजस्वी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट. हे एकदा घोटून घ्यावं लागतं, त्याला इलाज नाही.

जर्नलबद्दल मी आग्रही आहे. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती, दुर्बीण, आयपीस हे पेनने आणि दुर्बिणीपाशीच लिहायचं, खोलीवर येऊन नाही. रेखाटन पेन्सिलने, सात-आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात. दुर्बीण स्थिर ठेवली की तारा ज्या कडेने बाहेर पडतो ती पश्चिम, ती बाणाने दाखवायची. चुकलं तर एक आडवी रेघ, खोडरबर नाही. नमुन्याच्या चित्राकडे स्वतःचं काढून झाल्यावरच बघायचं.

पेपर कधी सोडावा, हेही विचारतात. निरीक्षणाच्या रात्रींमुळे झोपेची घडी आठवडेच्या आठवडे विस्कटत असेल तर जरूर विचार करावा. अंधारात चालताना नेहमीच ठेचा लागत असतील, मंद उजेडात इतरांपेक्षा खूपच कमी दिसत असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं, तो धीटपणाचा प्रश्न नाही. लाल-हिरव्या रंगांत गोंधळ होत असेल तर वर्णपटाच्या प्रॅक्टिकलआधी सरांना सांगावं, रेषांच्या जागा मोजपट्टीवर वाचून काम होतं. ‘मला दिसत नाही’ या एका वाक्यावर मात्र सोडू नये, ते वाक्य आधी उलगडून बघावं.

तिचा अर्ज माझ्या खोलीत टेबलावरच राहिला. शेवटच्या भेटीत तिने जर्नलचं नवं पान दाखवलं. वर लिहिलं होतं, ‘रात्री ९.०५. ढग. ९.४० पर्यंत थांबलो. गुरू दिसला नाही.’ खाली दुसऱ्या शाईने, ‘११.५०. आभाळ मोकळं. आयो पूर्वेला, कडेपासून एक व्यास. पुढचं रीडिंग २.५० ला.’