पेग मारला की टायमिंग वाढतं का? आणि दारूवर ताठरतेची गोळी घेतली तर चालते का?

प्रश्न विचारणाऱ्यानं थोडक्यात सांगितलंय ते असं: वय ३४, लग्नाला ४ वर्षं, आठवड्यातून तीन-चार वेळा क्वार्टर. मित्र म्हणतात टायमिंग वाढतं, पण ऐन वेळी ताठरताच टिकत नाही. शेवटी जाता जाता एक ओळ आहे, 'मूल नाही, बायकोच्या तपासण्या चालू आहेत.'

त्या ओळीमुळेच हे उत्तर लिहितोय.

आधी क्वार्टरचा हिशेब करा. १८० मिली, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की. म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६० ग्रॅम. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम निपटतं. रात्री नऊला बसलात तर पहाटे तीन ते साडेपाच वाजेपर्यंत ती अंगात आहे. 'आपण काय, बिअरवाले' म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम.

पहिल्या पेगाला भीड चेपते, इच्छा वाढल्यासारखी वाटते. पुढे मज्जातंतू बधिर होतात. वीर्यपतन लांबतं ते या बधिरतेमुळे, आणि ताठरता जाते तीही त्याच बधिरतेमुळे. एक ठेवून दुसरं टाळता येत नाही. शीघ्रपतनावर दारू हा उपाय सांगणारे मित्र तुमचं नुकसान करताहेत.

आता गोळी. मेंदूकडून आणि कण्याच्या खालच्या टोकाकडून संदेश निघतो, लिंगात नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरतं आणि शिरा दाबल्या गेल्यानं आत अडकून राहतं. सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेच्या गोळीतलं औषध, या साखळीच्या अगदी शेवटच्या टप्प्याला आधार देतं. दारूनं पहिलाच संदेश अडवला तर गोळी आधार देणार तरी कोणत्या गोष्टीला? त्यात सोबत मटण किंवा तळलेलं चिकन असेल तर गोळी रक्तात उतरायला तासभर उशीर होतो. मग 'पन्नास मिलीग्रॅमनं काही झालं नाही' म्हणून माणूस शंभरची घेतो. दारू आणि गोळी दोन्ही बीपी उतरवतात. लघवीला म्हणून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बाथरूममध्ये आपटतो. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिली म्हणून ती साधी गोळी होत नाही.

पण माझ्या दृष्टीनं मोठा प्रश्न पुढे आहे. चार वर्षांत बायकोची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गर्भाशयात औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे, सगळं होतं. त्या एक्स-रेला चांगलंच दुखतं. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? 'मला काय झालंय', 'आमच्या घराण्यात असं नाही' म्हणत टाळलेली. हे मला अजिबात पटत नाही. सगळ्यात स्वस्त, न दुखणारी तपासणी पुरुषाची आहे, ती पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी. सासूबाईंनी सुनेला वैदूकडे नेण्याआधी मुलाला लॅबमध्ये पाठवावं.

रोजची किंवा सतत जास्त दारू वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींना मारक ठरते. लिव्हर बिघडलं की स्त्री-हार्मोनचं प्रमाण वाढतं, छाती वाढते, वृषणं आक्रसतात. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून आठ दिवस बंद करून रिपोर्ट काढण्यात अर्थ नाही. तीन महिने पूर्ण बंद ठेवा. आत्ता एक तपासणी करा आणि तीन महिन्यांनी दुसरी. प्रत्येक तपासणीआधी २ ते ७ दिवस वीर्यपतन नको. नमुना लॅबच्याच डबीत, पहिला थेंब न सांडता. साध्या कंडोममध्ये घेऊ नका, त्यातल्या औषधानं जंतू मरतात. घरी घेतलात तर डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाच्या आत पोचवा. प्रत्येक मिलीत १.६ कोटींहून कमी संख्या किंवा हलणारे जंतू ४२ टक्क्यांहून कमी आले तर डॉक्टरांशी बोला. एका रिपोर्टवर निकाल लावू नका.

काही गोष्टी राहिल्या. पहाटेची ताठरता नीट येत असेल तर लिंगाच्या रक्तवाहिन्या आणि नसा बहुधा शाबूत आहेत. दारू बंद असूनही येत नसेल तर शुगर, बीपी, लिपिड (रक्तातली चरबी) आणि सकाळी दहाच्या आत टेस्टोस्टेरॉन बघा. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्या आधी तुंबतात, म्हणून ताठरता जाणं हा हृदयासाठीही आगाऊ इशारा असू शकतो. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी ठेवणाऱ्यानं ताठरतेची गोळी कधीच घेऊ नये. बायकांनाही दारूनं कोरडेपणा येतो, पाळी बिघडते. गरोदरपणात तर एक घोटही सुरक्षित नाही.

आणि जे रोज पितात, सकाळी हात थरथरतात, त्यांनी माझं 'पूर्ण बंद' वाचून एकदम थांबू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. बायकांनो, जेवणात गुपचूप 'दारू सोडवायची पावडर' घालू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर तो प्यायला, तर बीपी कोसळतं.