गावाकडे ऊन भरपूर आहे, वीज मात्र बेभरवशाची. जुना विजेचा गिझर काढून काय बसवावं?

सोलर वॉटर हीटर. छतावर वर्षभर सावली न पडणारी जागा असेल तर फार विचार करू नका. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साध्या गिझरला सुमारे ४ युनिट वीज लागते. इथे ते काम ऊन करतं. गरम पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, म्हणून पंप नको आणि वीज गेली तरी अडत नाही.

निवड ठरते ती पाण्यावर. बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा प्रकार घ्या. सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षार साचून चोंदतात आणि मग साफसफाई डोकेदुखी ठरते. पाणी मऊ असेल तर सपाट पॅनेल जास्त दणकट. थंड पाण्याची टाकी हीटरच्या टाकीपेक्षा उंचावर हवी, टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणारी नळी कधीही बुजवू नका. बसवणारे घाईत हेच चुकतात!

पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण गावाच्या अक्षांशाइतका. हिवाळ्यात जास्त पाणी लागत असेल तर थोडा अधिक. टाकीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप जितका लांब, तितकं थंड पाणी आधी वाया जातं. त्यावर इन्सुलेशन हवंच.

ढगाळ दिवसांसाठी जुना गिझर मोडीत न काढता पुढे जोडून ठेवा. छतच नसेल तर हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, बघा. तो साध्या गिझरच्या जवळपास एक तृतीयांश विजेत भागवतो, पण वीज लागतेच.