थंड समुद्रकिनाऱ्यावर वाइनची द्राक्षं येतात, मग दापोलीत का नाही येणार?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियातल्या सोनोमा कोस्टबद्दल वाचलं, समुद्राजवळ गार हवेत तिथं पिनो न्वार ह्या काळ्या द्राक्षाची महागडी वाइन होते, आणि तुमची दापोलीजवळ चार एकर जमीन आहे, घरातून समुद्र दिसतो, दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात, तर वाइनची द्राक्षं लावू का.

नका लावू. उत्तर खरं तर इथंच संपतं, पण तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य, "शेवटी द्राक्षाला ऊन मिळालं की झालं ना?", ते मला झोंबलं. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या काकांच्या, म्हणजे अप्पांच्या तोंडून लहानपणापासून ऐकतेय.

मी निफाड तालुक्यातली. घरची बाग. लग्नानंतर इकडे कॅलिफोर्नियात आले आणि गेली बारा वर्षं सोनोमातल्या पेटालुमा गावात राहून सोनोमा कोस्टच्या बागांमध्येच काम करते, मण्यांचे नमुने घेणं, घड मोजणं, पाण्याचं बघणं, तोडणीची तारीख ठरवताना आकडे देणं असं सगळं.

आधी समुद्राचं सांगते. समुद्र जवळ असला की हवा गार, असं काही नसतं, समुद्र कुठला आहे ते बघावं लागतं. इथं वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येचा वारा किनाऱ्याला धरून वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब सरकतं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. बोडेगा बेला मे-जूनमध्ये पाणी १०-१२ डिग्री असतं, भर मे-जूनमध्ये! त्याच्यावरून येणारी हवा गार होते, तिचं धुकं होतं, आणि त्याच वेळी आत सेंट्रल व्हॅली ३८-४० डिग्रीला तापलेली असते, तिथली हवा वर चढते आणि किनाऱ्यावरची ही गार हवा जिथं डोंगरात फट मिळेल तिथून आत खेचली जाते. पेटालुमा गॅप ही अशीच एक फट, म्हणून तर २०१७ च्या डिसेंबरात त्या पट्ट्याला वेगळा वाइन-प्रदेश म्हणून मान्यता मिळाली. दुपारी वारा सुटला की अंधार पडेपर्यंत थांबत नाही. ह्या वाऱ्यानं पानांवरची छिद्रं मिटतात, पानाचं काम मंदावतं, साखर सावकाश भरते, मणी बारीक राहतो आणि साल जाड होते.

आता अप्पांचं, कारण त्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

२००१ साली राज्य सरकारचं वाइनचं धोरण आलं आणि आमच्या भागात वाइनच्या द्राक्षाची लाट आली. बाबांनी दीड एकरात सोव्हिन्यो ब्लां ही वाइनची पांढरी जात लावली, एका वाइनरीशी करार केला (नाव घेत नाही). पहिली दोन वर्षं गाडी वेळेवर आली, पैसे वेळेवर आले. मग २००८ ची मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं रिकामी, टाक्यांमध्ये जुनीच वाइन पडून. पुढच्या हंगामात तोडणीच्या आठवड्यात फोन आला की यंदा गाडी पाठवत नाही. बारीक मणी, आत बिया, चवीला आंबटगोड, असा माल बाजारात कोण घेणार, वेलीवरच सुकला. अप्पांनी ट्रॅक्टर लावून बाग काढली आणि तिथं खायची थॉमसन लावली. बाबा बांधावर उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत. अप्पा मात्र सगळ्या भावकीत सांगत सुटले की आंबट द्राक्षाला कोण विचारतं, थंड हवा न् वाइन हे गोऱ्यांचे चोचले, द्राक्ष म्हणजे ऊन.

२०१५ च्या जुलैत अप्पा आणि काकू फ्रीमाँटला दादाकडे आले होते, मी हट्टानं दोन दिवस आमच्याकडे आणलं. फ्रीमाँटहून निघालो तेव्हा ३३ डिग्री, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि फ्रीस्टोनच्या बाजूला एका बागेत उतरलो तेव्हा १४. यजमानांचं जॅकेट घालून अप्पा ओळींमधून हिंडत होते. नेमकं ते वर्ष वाईट. मे महिना गारठलेला गेला, फुलोऱ्यात फळधारणाच झाली नाही, घडात अर्धी जागा मोकळी आणि उरलेल्यात मोहरीएवढे आणि वाटाण्याएवढे मणी शेजारी शेजारी. अप्पांनी एक घड तळहातावर घेतला, उलटसुलट केला, एकरी किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, एरवी दोन-तीन टन, यंदा तेवढंही नाही. अप्पा म्हणाले, "पोरी, आमच्याकडं एवढं आलं तर माणूस सोसायटीचं कर्ज फेडायचं सोड, गावात तोंड दाखवत नाही." एक मणी तोंडात टाकला आणि थुंकला. "हे पिकणार कधी, दिवाळीला?" सप्टेंबरच्या शेवटी, मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. अप्पा माळकरी, वाइन त्यांनी कधी ओठाला लावलेली नाही, त्यामुळे द्राक्षाची परीक्षा त्यांच्यालेखी जिभेवर मणी ठेवूनच व्हायची, आणि खायच्या द्राक्षाच्या हिशोबानं ते बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना फोर्ट रॉस-सीव्ह्यूच्या डोंगरावर नेलं. (रशियन लोकांनी फोर्ट रॉसला १८१७ मध्ये द्राक्षं लावली होती, त्याच वर्षी आपल्याकडे खडकीची लढाई झाली, एवढी जुनी गोष्ट.) घाट चढताना पुढची गाडी दिसत नव्हती इतकं धुकं, आणि वर पोचलो तर लख्ख ऊन. खाली पांढरा समुद्र, खरा समुद्र त्याच्याही खाली. पावसाळ्यात सप्तशृंगी गडावरून खाली बघितलं की कसे ढग दिसतात, तसंच. अप्पा बराच वेळ गप्प उभे होते, मग म्हणाले, हे खालीच कसं राहतं? मी सांगितलं की गार हवा जड, ती तळाशी बसते, तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण असतं, म्हणून त्या भागाची हद्द साधारण ९२० फुटांच्या वर धरलीय, म्हणजे धुक्याच्या वरच्या बागा. अप्पांना हे लगेच कळलं. म्हणाले, आपल्याकडं पण ओढ्याकाठच्या बागेत आधी मणी तडकतात, टेकाडावरची वाचते. मला इतकं बरं वाटलं. आणि पुढच्याच वाक्याला, "म्हणजे ऊन आहे म्हणूनच पिकतंय की!"

इथंच तर सगळी गल्लत आहे, अप्पांची आणि तुमची. आपण उजेडालाही ऊन म्हणतो आणि तापालाही ऊनच म्हणतो. वेलीला साखर करायला उजेड लागतो. ताप लागतो तो थोडा. वेल १० डिग्रीच्या खाली जवळजवळ थांबते, म्हणून इथल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अमेरीन आणि विंकलर ह्यांनी १९४४ मध्ये १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर ह्या काळातली ५० फॅरनहाइटच्या वरची उष्णता मोजून प्रदेशांचे पाच वर्ग पाडले, आणि त्यातला सगळ्यात गार वर्ग, बेरीज २५०० च्या खाली असलेला, तो पिनो आणि शार्दोने ह्या पांढऱ्या द्राक्षाचा. त्या डोंगरावर उजेड भरपूर आहे पण वारा समुद्रावरचा, भर दुपारीही भट्टी होत नाही. ताप वाढला की मण्यातलं आम्ल, विशेषतः मॅलिक, वेल स्वतःच जाळून टाकते, रात्री उकाडा असेल तर रात्रीही जाळते. मग साखर धावत पुढे जाते आणि बी हिरवीच, सालीत चव नाही, अशा पिनोची वाइन मुरंब्यासारखी लागते. इथं साखर रखडते म्हणून बी आणि साल तिला गाठतात. आम्ही नमुना घेताना ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतोच, पण बी दाताखाली फोडून पण बघतो, तपकिरी आणि भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरीत लागली की तोडणी जवळ आली. तेव्हा मण्यात आम्ल शिल्लक आहे ह्याचा अर्थ मणी कच्चा आहे असा होत नाही, आणि दोन टन म्हणजे बाग फसली असाही होत नाही, त्या दोन टनांचा दर वेगळा असतो.

अप्पांची बाजू पण सांगायला हवी. निफाडला पारा चार-पाच डिग्रीवर गेला की मणी तडकतात, साखर भरायची थांबते, रात्रभर शेकोट्या पेटवून लोक बागा वाचवतात, मी स्वतः पेटवल्यात. कारण आपल्याकडं ऐन थंडीत घड वेलीवर असतो. इथं थंडीत वेल पानं टाकून झोपलेली असते, मार्चमध्ये फुटते. आपण खरड छाटणी आणि गोडी छाटणी करून वेलीला वर्षातून दोनदा उठवतो, तिला झोप अशी मिळतच नाही.

आता दापोली. अरबी समुद्राचं पाणी तुमच्याकडं २५ च्या खाली क्वचित जातं, म्हणजे समुद्र तुमची हवा गार करत नाही, रात्री उलट ऊबदार ठेवतो. मिनी महाबळेश्वर हे बाकीच्या कोकणाच्या मानानं. त्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथलं धुकं वाचून तुम्हाला ते कोकणातल्या दमट हवेसारखं वाटलं असेल तर तसं नाही, जून ते सप्टेंबर इथं पाऊस जवळजवळ शून्य. म्हणून डावणी हा ओल्या हवेतला बुरशीचा रोग इथं नसल्यातच जमा, भुरी ह्या दुसऱ्या बुरशीसाठी गंधक मारत राहायचं आणि शेवटी शेवटी घडकुजीवर डोळा ठेवायचा. तुमच्याकडं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डावणी येईल आणि वेल ऑक्टोबरपर्यंत पानं गळून उघडी झालेली असेल.

एक राहिलंच, बाटलीवर सोनोमा कोस्ट लिहिलंय म्हणून ती समुद्राजवळची असं समजू नका. १९८७ ला ती हद्द आखली तेव्हा फार ऐसपैस आखली, समुद्रापासून बऱ्याच आतल्या बागाही त्यात बसतात. खऱ्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्याला वेस्ट सोनोमा कोस्ट हे नाव २०२२ मध्ये मिळालं. आणि इथं सगळं छान आहे असंही नाही, २०२० मध्ये वणव्यांच्या धुरानं किती जणांचा माल वेलीवरच सोडावा लागला, आणि २०२२ च्या सप्टेंबरात अशी उष्णतेची लाट आली की आठवडाभर आम्ही मध्यरात्री दिवे लावून तोडणी केली.

तुम्हाला वाइनचं द्राक्ष करायचंच असेल तर कोकणात नको, घाटावर दिंडोरीकडं कुणाबरोबर तरी भागीत करा. पण रोपांच्या आधी करार बघा. त्यात दर असतोच, माल कुठल्या तारखेच्या आत उचलणार, नाही उचलला तर भरपाई किती आणि किती दिवसांत, हे लिहून घ्या, आगाऊ रक्कम घ्या. बाबांच्या करारात फक्त दर आणि ब्रिक्स होतं. अप्पा आजही म्हणतात ती बाग द्राक्ष आंबट होतं म्हणून गेली. नाही, त्या बागेचा माल पहिली दोन वर्षं एकदाही परत आला नव्हता, २२-२३ ब्रिक्सच्या पावत्या मी जपून ठेवल्यात. द्राक्षात काही खोट नव्हती, घेणारा पळाला आणि कागदावर त्याला अडवणारं काही नव्हतं. बाबांना त्या दिवशी बांधावर हे बोलता आलं नाही म्हणून मी इथं लिहितेय.

तुमच्या चार एकरांत काजू लावा. दापोलीतच कोकण कृषी विद्यापीठ आहे, तिथं जाऊन जमीन दाखवा आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ च्या कलमांचं विचारा, पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड करायची तर खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून ठेवावे लागतील.